सावरगावचा हात

पांढुर्णा, पोळ्याची संध्याकाळ, १९८६

उद्या गोटमार. नदीच्या या काठावरून दादा दगड फेकणार, पलीकडून सावरगावचे लोक. त्याच्यासाठी कापूस भरून टोपी शिवली. बाबांनी लहानपणीच शिकवलं, तपासल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नये. म्हणून ती मडक्यावर घालून दगड मारला. मडकं शाबूत. पण माझ्या हातात सावरगावचा जोर कुठून येणार?

वहिनीचं माहेर सावरगावचं. "सरक, तू तं फुलं वाहून राहिली," म्हणत तिनं दगड हाणला. टोपीला काही झालं नाही. आत मडक्याचा चुरा. दादाचं डोकं असतं तर?

"दुप्पट कापूस भर," वहिनी म्हणाली. "अन् अशीच एक माह्या भावासाठी शिव. तोही उद्या तिकडं उभा राहीन."

दोन्हींत सारखाच कापूस भरला. दुसरी तपासायला मात्र पांढुर्ण्याचा हात हवा, म्हणून दादाला बोलावलं. त्यानं दगड उचलला, वहिनीकडे पाहिलं आणि हळूच मारला.

"जोरानं मारा नं!" वहिनी ओरडली. "उद्या असंच माराल का?"

त्यानं मारला. तेही मडकं फुटलं. आता पुन्हा कापूस पिंजायला बसते.