आबांच्या हयातीतली मिशी

पुणे, ३ फेब्रुवारी

ती. आबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर काही बोलायचं नाही असं तुम्ही सांगितलंत, म्हणून पत्र. सोबतचा फोटो आईला दाखवू नका. डोक्याचा गोटा केलाय आणि दाढी छातीकडे निघाली आहे. कंपनीतली निम्मी पोरं अशीच आहेत. मागच्या वर्षी सगळ्यांना झुलपं हवी होती, यंदा टक्कल. मिशी मात्र शाबूत आहे. बाप जिवंत असताना पोरानं मिशी उतरवली, असं भावकीत कुणी म्हणायला नको.

कोर्टातल्या तुमच्या साक्षीची तारीख कळवा. मायेनं पाठीवर हात असू द्या.

आपला,
अभिमन्यू

धर्मापुरी, ९ फेब्रुवारी

चि. अभिमन्यूस,
अनेक आशीर्वाद.

फोटो तुझ्या आईनं आधीच पाहिला. पोटच्या पोराला ओळखायला चष्मा लागला म्हणून ती माझ्यावरच चिडली आहे.

मला मात्र या फॅशनची धास्ती वाटते. सुरजनं आदिनाथ मास्तरांना भर बाजारात लोखंडी गजानं मारलं, तेव्हा तो एकटाच असा टकला, दाढीवाला होता. मी समोर होतो, पोलिसांना तसंच लिहून दिलं. आता त्याचा चुलता बंकट यानं आपल्या सगळ्या पोरांना दाढ्या वाढवायला लावून डोकी भादरून घेतली आहेत. उत्तरेश्वर न्हाव्यानं एका दिवसात तीस डोकी केली. पण सुरजच्या कानामागं भाजल्याचा डाग आहे, मी चुकणार नाही. चोवीस तारखेला कोर्टात त्याला ओळखायचं आहे. मास्तरांचा पाय कायमचा गेला, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारा मी एकटाच उरलोय.

काल बंकट पारावर म्हणाला की मोहनरावाची नजर लई तेज हाय, त्येला जपाया पायजे. बसलेले सगळे हसले.

जपून राहा. लोभ आहेच.

मोहनराव

पुणे, १६ फेब्रुवारी

ती. आबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

साक्ष झाली की तुम्ही दोघं इकडे निघून या. पण मागे हटू नका. मास्तरांनी मला अक्षरओळख करून दिली आहे.

इथला एक चीड आणणारा प्रकार सांगतो. खोलीखाली नवं सलून निघालंय. रविवारी दाढी कोरायला गेलो, तर न्हावी सिरसाळ्याकडचा निघाला. आपल्या भागातला माणूस म्हणून बरं वाटलं. तुमचं नाव, तब्येत, कोर्टाची तारीख, सगळं त्याला ठाऊक होतं. मान मागे टाकल्यावर मला डुलकी लागली. उठतो तर मिशी साफ. वर म्हणतो कसा, की आज ना उद्या काढावीच लागणार हाय, हात फिरत व्हता म्हणून उरकून घेतली. पैसेही घेतले नाहीत. आईला सांगू नका, अपशकुन म्हणून जेवायची नाही.

तब्येत सांभाळा, माया राहू द्या.

अभिमन्यू

धर्मापुरी, २१ फेब्रुवारी

चि. अभिमन्यूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस. खोली बदल. नवा पत्ता कुणालाही देऊ नकोस, मलाही नाही.

मिशी काढली तो निरोप मला होता, तो मी समजलो. माझ्या जिवाची मी तयारी ठेवली होती. पण वस्तरा तुझ्या ओठावर होता तेव्हा गळा चार बोटांवर होता, आणि तू झोपला होतास. याची तयारी मी ठेवली नव्हती.

सकाळी मास्तरांकडे गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, बराच वेळ माझा हात धरून बसले.

चोवीस तारखेला सुरजला माझ्यासमोर उभं करतील. मी सांगणार आहे की सगळी टकली मला सारखीच दिसतात.

माझ्यावर राग धर, पण लोभ तोडू नकोस.

तुझा बाप,
मोहनराव