मेंढीच्या रक्ताची ताटली

१४ ऑगस्ट २०२५

परवा उजवा गुडघा, काल डावा, आज घोटा. पोरीचं दुखणं हाय का घरोघर जेवणारा पाहुणा — एका जागी बसंना!

भारत म्हणतो, उद्या शाळेत झेंड्याला उभं राहायचं म्हणून सोंग. माझाच लेक, पण बापावर गेला. ज्याचं दुखतं त्यालाच दटावायचं. मी काल गुडघ्याला हात लावून बघितला. तव्यासारखा तापलेला. सोंगानं गुडघा सुजत नाय. अकरा वर्षांची पोर ती, एवढं झकास सोंग जमायला आधी सासरी नांदावं लागतं.

हे सगळं मी फोनला सांगतेय. हीच पोर, नात माझी, अक्षदा, तिनंच शिकवलं — माइकचं चित्र दाबायचं, बोलत सुटायचं, फोन आपला लिहीत बसतो. तारीख बी त्योच टाकतो. मला अक्षर येत नाय, म्हणून काय लिहिलं ते मला वाचता येत नाय. दुसरं कुणी माझ्या फोनला हात लावत नाय. म्हंजी पेटीला कुलूप हाय आन किल्ली मालकिणीकडं बी नाय!

१५ ऑगस्ट

झेंडा झाला. पोर घरीच. रत्नमालानं — सून माझी — तेल कोमट करून पाय चोळायला घेतला. पोर अशी ओरडली की शेजारीण दारात आली. तेल बंद. उद्या-परवा दवाखाना. भारतला विचारायचं नाय, सांगायचं.

१८ ऑगस्ट

मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो, तिघी बाया. डॉक्टरीण तरणी हाय, प्रेरणा नाव. पोरीच्या छातीला नळी लावली आन ऐकतच राहिली. मी म्हटलं, बाई, आत गाणं लागलंय का? हसली नाय.

मंग पडद्यावर पोरीचं काळीज दाखवलं, हलतं. त्यातली एक झडप नीट मिटत नाय. दर ठोक्याला थोडं रगत मागं फिरतं. सांधे दुखतात त्याचं आन काळजाचं मूळ एकच, म्हणली. आन ते मूळ घशात.

घशात! आषाढात घसा धरला व्हता तिचा, ताप बी आला. भारतनं मेडिकलातून गोळ्या आणल्या. ताप उतरला तशा उरलेल्या गोळ्या डब्यात ठिवल्या, पुढल्या येळंला व्हतील म्हणून. आमच्यात असंच. उरलं ते जपायचं, भाकरी असो का गोळी. डॉक्टरीणबाई म्हणली, आजी, गोळ्या संपवायच्या असतात. ताप उतरला म्हंजी जंतू मेला असं नाय, तो फक्त गप बसलेला असतो.

गप बसणाऱ्याची भीती मला बी ठावी हाय. भारतचा बाप गप बसायचा.

१९ ऑगस्ट

काल दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईला सोडलंच नाय. घशात शिरलेला जंतू काळजात कसा काय पोचला? मधी एवढा रस्ता!

ती म्हणली, तो काळजात जातच नाय. घशातच असतो. गोल असतो, मण्यासारखा. एकाला एक लागून माळ व्हते. त्याच्या अंगावर जे पांघरूण असतं, त्याची वीण आन आपल्या काळजाच्या मांसाची वीण थोडी सारखी. अंगातली फौज जंतूला वळखायला शिकते, मारते. आन मंग तीच वीण काळजात दिसली की तिथं बी तुटून पडते. सांध्यांत बी.

म्हटलं, थांब बाई, समजलं. माझ्या माहेरी मेंढरांच्या तळावर एक कुत्रं व्हतं, सुलतान नावाचं. लांडगा मेंढरांच्या बसायच्या जागेत लोळून यायचा, त्याच्या अंगाला मेंढरांचाच वास. सुलताननं एकदा त्याला धरलं, झुंजला, पळवून लावला. पण तो वास डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी आपलीच मेंढी फाडली त्यानं. आमी म्हटलं पिसाळलं. पिसाळलं नव्हतं. इमानी व्हतं, तेच वाईट.

डॉक्टरीणबाई म्हणली, "आजी, असंच. आता आपण लांडग्याला तळाजवळ येऊच द्यायचं नाय."

त्यासाठी सुई. दर तीन आठवड्यांनी, कमरेत. पोर एकवीस वर्षांची होईस्तोवर! झडप सुईनं शिवली जात नाय. पण पुन्हा घसा धरला नाय, तर काळजाला बी सावरायला येळ मिळतो. धरला, तर दर खेपेला झडप आणखी फाटणार.

काल पहिली सुई झाली. औषध घट्ट, आत जाताना निखारा चालल्यावानी. अक्षदा रत्नाच्या मांडीवर पालथी, तिचा पदर दातांत धरलेला. मी जवळ गेले तर म्हणली, आज्जी तू नको, तू हसवतीस. आईच पायजे.

बरं बाई. आईच.

२५ ऑगस्ट

पोर धावायला लागली. भारतचं सुरू — बरी झाली की आता, एवढी वर्षं सुई कशाला? पाहुण्यांत कळलं तर पोरीला कोण करंल? म्हटलं, अकरा वर्षांची हाय, तू आत्ताच मांडव घातलास का? आन काळीज फाटलेली पोर कोण करंल ते बी सांग.

तो कंपनीच्या बसकडं निघून गेला. वाळूजला कामाला हाय. तिथं यंत्रं त्याचं ऐकतात, म्हणून त्याला वाटतं घरात बी ऐकावं.

१५ सप्टेंबर

मी गौरी-गणपती झाल्यावर मल्हारीकडं गेले व्हते, धाकटा भाऊ माझा. अजून मेंढरं राखतो, सध्या पैठणच्या अंगाला हाय. आठ दिवस राहिले. माघारी आले तर पोरीची सुई झालेलीच नाय! आठवड्यापूर्वीच व्हायची व्हती. रत्ना निघाली व्हती म्हणं, भारत म्हणला, आठ दिवसांनी काय बिघडतं, माझी सुट्टी झाली की जाऊ. रत्नानं हट्ट धरला तर तिला बोलला, तुझ्या लक्ष न देण्यानंच पोर आजारी पडली.

आन पोरीचा घसा धरलेला.

पिशवी खाली ठिवली नाय. त्याच पायानं दोघींना घेऊन रिक्षात बसले. आमच्या छावणीतल्या घरापासून दवाखान्यापर्यंत भारतला मनातल्या मनात जेवढं बोलले, तेवढं फोनला सांगितलं तर फोन बंद पडंल.

सुई दिली. घशात कापसाची काडी फिरवून नेली, तपासायला.

१८ सप्टेंबर

आज मी ती ताटली बघितली.

डॉक्टरीणबाईनं तपासणीच्या खोलीच्या दारात उभं केलं, हात लावू दिला नाय. काचेसारखी गोल झाकणाची ताटली, आत लालभडक थर, खरवसावानी गोठलेला. त्यावर पोरीच्या घशातली काडी फिरवलेली. तिथं बारीक बारीक ठिपके, आन दर ठिपक्याभोवती लाल रंग उडालेला, आरपार दिसतंय. घोंगड्याला लोकर खाणारी कसर लागल्यावर उजेडाला धरलं की दिसतं, हुबेहूब तसं.

म्हटलं, हा लाल थर कशाचा? म्हणली, रगताचा. जंतूला रगत खायला घालायचं. हा जंतू रगत फोडतो, म्हणून भोवती असं गोल रिंगण पडतं, आन त्यावरनं तो वळखू येतो. कुणाचं रगत? म्हणली, "मेंढीचं."

मेंढरांनी आमाला दूध दिलं, लोकर दिली, शेताला लेंडी दिली. आता साक्ष द्यायला बी तीच!

मंग ती म्हणली, घरातल्या सगळ्यांच्या घशातनं काडी फिरवून बघू. काही माणसांच्या घशात हा नुसता बसून असतो. ना ताप, ना दुखणं. बहुतेक येळा अशा माणसापासून दुसऱ्याला लागत बी नाय. पण घरात असं लेकरू असलं तर बघितलेलं बरं. जाता जाता मला विचारलं, आजी, तुमी पोरीची दृष्ट काढता का? व्हय म्हटलं, रोज, मीठ-मोहऱ्या. शेवटी थू थू करता? मी पदर तोंडाला लावला. म्हणली, दृष्ट काढा, थू थू नका करू.

आज तोंड मिटून काढली. अक्षदा म्हणली, आज्जी, मुकी दृष्ट लागू पडती का? म्हटलं, नजर लावणारं बी मुकंच असतं.

१९ सप्टेंबर

रात्रीच्या जेवणाला भारतला काडीचं सांगितलं. त्यानं घास ताटात टाकला.

"माय, ज्याच्या घशात निघंल त्याला मी या घरात ठिवणार नाय. कुणी का असंना."

म्हणताना बघत व्हता रत्नाकडं. ती भाकरी थापत व्हती. हात थांबला, मंग पुन्हा सुरू.

मी त्याला ताटली समजावली, मेंढी समजावली. असं माणूस घरातून काढायचं नसतं, गोळ्या खाल्ल्या की मिटतं, हे बी सांगितलं. त्याच्या कानात शिरंना. लेकरू आजारी पडलं की बापाला कुणाला तरी मारायचं असतं. लांडगा दिसत नाय, मंग जे जवळ असंल ते. आन हा बोलून सोडणारा नाय. मागं एकदा रागात रत्नाला जालन्याला माहेरी धाडली, आणायला जाईना. शेवटी मी गेले. तवर अक्षदा चतकोर भाकरीवर व्हती.

आता तिला धाडली तर पोर सुई कुणाच्या मांडीवर घेईल? एक खेप चुकली तर काय झालं ते बघितलंय.

२० सप्टेंबर

तिघांच्या घशात काड्या झाल्या. भारतला अशी उबळ आली की डॉक्टरीणबाईच मागं सरकली. मी म्हटलं, घरी एवढा मोठा आवाज याच घशातनं निघतो का? पोर हसली. रत्ना नाय हसली.

२४ सप्टेंबर

आज ताटल्यांचा निकाल. भारत कामावर व्हता, रत्ना आन मी गेलो. निकाल सांगते, भारत हितं शेजारीच बसलाय, फोनमदी काय बोलती म्हणून ऐकतोय. ऐक बाबा.

कसर लागलेली ताटली माझी निघाली. ह्या आक्काबाईची! एवढ्या वयात माझ्या घशात कुणी तरी फुकट राहतंय, ना भाडं ना बोलणं. दहा दिवस गोळ्या, आन या खेपेला डब्यात एक बी उरणार नाय.

आता काढ बाबा मला घराबाहेर. फक्त घरपट्टी कुणाच्या नावानं येती ते आधी बघ.

त्याच्या कानाची पाळी लाल झालीय. म्हणतो, माय, तू बी ना.

२६ सप्टेंबर

भारतनं माझा गिलास वेगळा केला. सासूनं बी केला नव्हता!

तरी बोलणं बदललंय. काल रत्नाला विचारत व्हता, पुढली सुई कधी? मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. म्हटलं व्हतं ना, सोंगाला नांदावं लागतं.

६ ऑक्टोबर

भारत सुट्टी काढून आज स्वतः दोघींना दवाखान्यात घेऊन गेला. घरात कुणी नाय. आता खरं सांगते.

ताटली रत्नमालेची व्हती. माझी कोरी. डॉक्टरीणबाईनं तिला विचारून मला बी आत बोलावलं आन सांगितलं, हिच्यापासूनच लागलं असं कुणालाच म्हणता येणार नाय, शाळेतनं बी आलं असंल. रत्ना खुर्चीवर बसली ती उठंना. एवढंच म्हणली, "आत्याबाई, ह्यांना हे कळंल का?" म्हटलं, कळायची गरज नाय. त्याला काय सांगायचं ते मी सांगते.

भारतपुढं पुडा माझ्या हातात, वाकडं तोंड माझं. आत चुलीपाशी गोळी तिची. दहा दिवसांच्या सगळ्या खाल्ल्या तिनं, मी समोर बसून.

आत्ता पोर तिच्या मांडीवर असंल, पदर दातांत धरून.