राक्षस मी एकटीने मारला

रविवार, मीरा रोड, २००३

वैताग आलाय नुसता. कॉम्प्युटरवर गेम खेळताना माऊस कायम नितीनकडे. मी बायको, म्हणून शेजारी बसून, त्याच्या हिरोला मार बसला की औषधाचं बटण दाबायचं. आज तो नवघरला ताईंकडे गेला आणि मी एकटीने शेवटचा राक्षस मारला. काय मस्त वाटलं! गेममधल्या गावात परतले, तर तिथल्या तलवारी विकणाऱ्या लोहाराचं पुन्हा तेच, "काय घेणार?" गाव वाचवलं, साधी शाबासकी नाही?

नितीन आला. "माझ्याशिवाय संपवलंस?" म्हणाला आणि फुगून बसला. त्यापेक्षा तो लोहार बरा, निदान बोलतो.

आत्ता त्याने हळूच विचारलं, "शेवटी काय होतं गं?"

"काहीच नाही."

खरंच काही होत नाही. पण त्याला वाटतंय, मी मुद्दाम लपवतेय. वाटू दे.