पट्टीच्या अलीकडे, पलीकडे

मंगळवार, १९ मार्च

प्रिय ग्रंथपालबाईंस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. चोरी झाली, एवढंच. घाबरू नकोस, भरदुपारी झाली आणि मी घरात नव्हतो, दुरुस्त केलेला पंखा पोहोचवायला गेलो होतो.

फोन केला की लेक उचलते आणि "आई झोपलीय" म्हणते. सकाळी दहा वाजता! म्हणून पत्र. पत्र तू फेकणार नाहीस. वाचनालयातून निवृत्त झालीस तरी तारीख घालून फायलीत लावशीलच.

तर हवालदारसाहेब आले. आधी माझ्या बाजूला गेले, कपाळाला हात लावला आणि लिहायला बसले, "चोरट्याने संपूर्ण खोली उचकटली असून मिक्सर, पंखे खोलून इतस्ततः फेकले आहेत." म्हटलं, "साहेब, इकडे चोर आलाच नाही. हे रोजचंच आहे." त्यांनी असं पाहिलं की चोर राहिला बाजूला, मलाच आत टाकतात की काय! शेवटी शेजारच्या काकूंनी दारातून साक्ष दिली, "खरं सांगतायत हो ते. पंधरा वर्षं बघतेय मी."

मग त्यांना जमिनीवरची पिवळी चिकटपट्टी दिसली. "ही कुणी लावली?" म्हटलं, "बायकोनं. पट्टीच्या अलीकडे मी, पलीकडे ती." त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, पण मला बसायला खुर्ची दिली. माझ्याच घरात.

चोर गेला तो तुझ्या बाजूला. रागावू नकोस, पण तू त्याची फारच बडदास्त ठेवली होतीस. डब्याडब्यावर चिठ्ठी, कपाटाच्या दाराला आतून अनुक्रमणिका! "चांदीच्या वाट्या, चार. कप्पा दुसरा." पाच मिनिटंही लागली नसतील त्याला. वाट्या गेल्या. "सोन्याच्या बांगड्या" हा डबाही त्याने उघडला, तर आत निघाले वॉशर. आता कबूल करतो. तू गेल्यावर मला घट्ट झाकणाचा डबा हवा होता, म्हणून तो घेतला आणि बांगड्या एका बंद पडलेल्या मिक्सरच्या भांड्यात टाकल्या. अजून तिथेच आहेत, सुखरूप. मी काही शेखी मिरवत नाही. पण हे लेकीलाही वाचून दाखव.

गेले दोन दिवस तुझी बाजू लावत होतो. मेल्याने अनुक्रमणिका फाडून टाकलीय, तरी अडलं नाही. वरच्या कप्प्यात डावीकडे बटणांची बरणी, तिच्यामागे लोकर, आधी गडद मग फिकी. औषधांच्या डब्याशेजारी तुझा जुना चष्मा. हात आपोआप जात होते. "तुमचं घरात लक्षच नसतं," असं तू तीस वर्षं म्हणत आलीस. लक्ष होतं गं. बोलून दाखवलं नाही कधी.

आता त्या शिलाई मशीनचं. सगळं पत्र मी त्याच्या बाजूबाजूने चाललोय, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल. तुझ्या आईचं मशीन. चांगलं चालत होतं. "नुसतं तेल घालतो," म्हणून उघडलं, सगळे भाग सुटे केले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तसंच टाकून उठलो. तू आठ दिवसांसाठी जाते म्हणालीस, त्याला आता दोन महिने होतील. माझं चुकलं. गिऱ्हाइकांपुढे हे मी दिवसातून दहादा म्हणतो; तुझ्यापुढे म्हणायला घरात चोर शिरावा लागला.

चोराने मशीन नेलं नाही. नेणार तरी काय, भुगा?

काल ते जोडलं. चालतंय! तुझ्या उशीच्या अभ्र्याचा उसवलेला कोपरा शिवून पाहिला, टीप सरळ आली. पण एक स्क्रू उरलाय. तीनदा उघडून पाहिलं, कुठला ते कळत नाही. तो वाट्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर तुझ्याच पद्धतीने चिठ्ठी लावलीय, "स्क्रू, एक. जागा तिला विचारणे."

बाकी सगळं जिथल्या तिथे लागलं. तू नाहीस, म्हणून घर लागल्यासारखं वाटत नाही. ये आता.

तुझा,
नवरा, एक.
जागा: पट्टीच्या अलीकडे. सध्या पलीकडे, तुझ्या खुर्चीत सापडेल.