तीन लांब शिट्ट्या

कुमासी, १६ फेब्रुवारी २००४

चि. बादू यास,
अ. उ. आ. थोरली आहे म्हणून देते, मनापासून नव्हेत.

फोन तू आपटतोस, म्हणून हे पत्र बसवाल्या मेन्साच्या हाती. आक्रात जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान थाटून बसलेला भाऊ, आणि बहिणीला काय पाठवलं, तर भंगार! तुझी ती नवी मेमरी बसवली आणि यंत्र मेलं. पडदा काळा ठिक्कर, आणि पोटातून तीन लांब शिट्ट्या. आमच्या शाळेचे हेडमास्तरसुद्धा इतक्या रागानं शिट्टी मारत नव्हते.

मौज म्हणून मेमरी मागितली नव्हती. आईच्या अंत्यविधीची पुस्तिका, मुलांची नावं, श्रद्धांजल्या, सगळी याच यंत्रात अडकली आहे. तिचे फोटो घातले की जुन्या मेमरीवर यंत्र अडून बसतं, मग तो मजकूर उघडतच नाही. अख्ख्या कुमासीच्या मयतांच्या पुस्तिका मी छापायच्या आणि सख्ख्या आईची घेऊन समोरच्या गिफ्टीच्या दुकानात जायचं? ती दात काढून हसेल.

अंत्यविधी अठ्ठावीस तारखेला, शनिवारी; तोवर आई शवागारातच. येत्या सोमवारपर्यंत यंत्र चाललं नाही तर पुस्तिका गिफ्टीकडे जाईल, आणि मुलांच्या यादीत तुझं नाव नसेल. मग विचारू देत लोकांना, या बाईला मुलगा होता की नव्हता. दफनाची तारीख ठरली तेव्हापासून तू इकडे फिरकलेला नाहीस, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटणार नाही.

तुझी ताई (हे मात्र मिटवता येत नाही),
सेरवा


आक्रा, १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार आईनं लावलेली सवय म्हणून.

नाचता येईना, अंगण वाकडं! ती मेमरी मी माझ्या टेबलावर दुपारभर चालवून मगच पाठवली. शिट्ट्यांचा अर्थ एवढाच, की यंत्राला मेमरी सापडत नाहीये. म्हणजे तू ती नीट बसवलेली नाहीस.

नीट वाच, मध्येच कपाळाला आठ्या घालू नकोस. वायर भिंतीतून काढ. पेटीच्या लोखंडाला हात लाव, अंगातली वीज उतरू दे. मेमरीच्या कडेची खाच आणि जागेतला उंचवटा जुळव, मग दोन्ही अंगठ्यांनी दाब. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज आला पाहिजे. तू लाजत लाजत दाबली असशील. नाहीच चाललं तर जुनी काढून नवी एकटी लाव, मग जागा बदलून बघ.

नावाची धमकी मला देऊ नकोस. भर अंगणात, दफनाची तारीख ठरवायला जमलेल्या सगळ्या मामा-मावश्यांसमोर तू म्हणालीस की आई तिकडे मरत होती आणि बादू इकडे गिऱ्हाइकं मोजत होता. मी त्याच बसनं परत फिरलो. तेव्हा तुझ्या यादीतून मी आधीच गेलेलो होतो. आता काय खोडतेस?

लोभ आटलाय, कळावे.
बादू


कुमासी, १९ फेब्रुवारी

चि. बादू,
आशीर्वाद मागच्या पत्रातलेच वापर.

उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. अंगठे दुखेस्तोवर दाबलं. टक् आवाज शेजारच्या शिंप्यालाही ऐकू गेला. जुनी एकटी लावली, यंत्र सुरू. नवी एकटी लावली, शिट्ट्या. जागा बदलली, शिट्ट्या. आता सांग, अंगण वाकडं की तुझा माल कुजका?

मेमरी मेन्साबरोबर परत पाठवते आहे. तुझ्या दुकानाच्या दारावर टांग, नजर लागणार नाही. गिफ्टीशी मी बोलणं करून ठेवलंय. बोलताना तिच्या तोंडाकडे बघवेना.

आणि अंगणातलं म्हणशील तर, आई शेवटी दारातून कुणी आलं की तुझंच नाव घ्यायची. दिवसरात्र तिला उचलणारी मी. हे कुणाला सांगायचं होतं मी?

सेरवा


आक्रा, २० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

कागदाची पुडी उघडली आणि वास आला. तू मेमरीच्या सोनेरी दातांना तेल लावलंस! त्यावर उत्तरेच्या वाऱ्याची धूळ बसून नुसती खीर झाली होती. वीज जाणार कुठून? सगळ्या कुमासीत असं डोकं एकच असेल.

खोडरबरानं दात घासले, स्पिरिटनं पुसले, माझ्या यंत्राला लावली. पहिल्या झटक्यात चालली. मेन्साबरोबर परत पाठवतोय. आता दातांना बोट न लावता, कडेला धरून बसव. तुझ्या यंत्रातली जागाही कोरड्या मऊ ब्रशनं साफ कर.

तेल साधं नव्हतं, आईच्या प्रार्थनेच्या बाटलीतलं होतं. मी आक्राला निघालो तेव्हा आईनं तेच माझ्या कपाळाला लावलं होतं. दुकान उघडं टाकून मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो, गिऱ्हाईक ओरडत होतं. तू मला हे का करायला लावलंस?

मी येणार नाही. नाव काढायचं तर काढ. पुस्तिका मात्र तुझ्याच दुकानात छाप, गिफ्टीच्या नको.

बादू


कुमासी, २३ फेब्रुवारी

चि. बादू यास,
अ. उ. आ.

यंत्र चाललं. एकही शिट्टी नाही. आईचे सगळे फोटो उघडले, तो बाजारातला हसरा फोटोसुद्धा. गिफ्टीला निरोप पाठवला की तुझी गरज नाही, आणि निरोप पाठवताना मला फार बरं वाटलं.

तेल मीच लावलं. टाइपरायटर आला तेव्हा आईनं लावलं होतं, पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाही. दुकानात नवं काही आलं की आधी तिची बाटली. या वेळी ती नव्हती, म्हणून मी लावलं. ती बाई शहाणी, यंत्राच्या झाकणाला लावायची. मी नेमकं दातांना लावलं.

अंगणात बोलले त्याची मला लाज वाटते. मला रडू येत नव्हतं आणि कुणावर तरी ओरडायचं होतं. तू समोर होतास.

तुझं नाव माझ्या नावाखाली आहे, कायम होतं. काढायचं म्हटलं तरी मजकूर उघडत कुठं होता? अंत्यविधीला नेसायचं लाल-काळं कापड तुझ्यासाठी त्याच दिवशी घेतलंय, तू बसमध्ये चढत होतास तेव्हा. अजून घडी मोडलेली नाही.

आईसाठीच्या तुझ्या श्रद्धांजलीचं पान कोरं सोडलंय. शुक्रवारपर्यंत ये आणि स्वतः भर. नाही आलास तर मी भरेन, आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल काय आहे ते तुला ठाऊकच आहे.

बाकी सगळं समोर बसून भांडू.
तुझी ताई,
सेरवा