दोन खिडक्यांमधील बांधकामाबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
इमारत परवानगी विभाग,
प्रभाग कार्यालय.

विषय : लाँड्रीच्या जागेवर चालू असलेल्या बावीस मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगत, समोरासमोर दोन खिडक्या ठेवण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपल्या कार्यालयाची दोन उत्तरे.

महोदय,

उंच इमारतींना माझा विरोध नाही, हे आधीच नमूद करतो. मी बत्तीस वर्षे लिफ्ट दुरुस्तीचे काम केले, म्हणजे उंच इमारतींवरच माझे घर चालले. पाणी, पार्किंग आणि उजेड याबद्दल गल्लीतील रहिवाशांनी जो सामुदायिक अर्ज दिला, त्यावर माझीही सही आहे. परंतु माझे गाऱ्हाणे त्यात कुठेच बसत नसल्याने हे वेगळे लिहीत आहे.

१. माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण या दोघींना जन्मापासून ऐकू येत नाही व बोलता येत नाही. त्यांना कोणी शाळेत घातले नाही. लहानपणी दोघींनी आपापसांत हातांच्या खुणांची एक भाषा तयार केली. ती पूर्णपणे फक्त या दोघींनाच येते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर मला त्यातले निम्मे समजते. पत्नीच्या मते तेवढेही नाही.

२. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मेहुणी समोरच्या इमारतीत, मुला-सुनेकडे, तीही तिसऱ्याच मजल्यावर. मध्ये बैठी लाँड्री होती. खिडकी ते खिडकी अंतर सुमारे शंभर फूट. रोज सकाळची कामे आटोपली की दोघी खिडकीत येत आणि हात थेट खांद्यापासून हलवून बोलत. नव्या भाडेकरूंना वाटे, बाई जळमटे काढताहेत. त्यांची भांडणेही होत. भांडण झाले की पत्नी पडदा ओढून घेई आणि दहा मिनिटांत फट करून बघे.

३. दोन वर्षांपूर्वी मेहुणीचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. सुनेने पलंग खिडकीशी लावून दिला. पत्नीचे गुडघे गेलेले, आणि दोन्ही इमारतींना लिफ्ट नाही. (यावर गल्लीत माझी पुष्कळ थट्टा झाली आहे.) त्यामुळे भेट ती खिडकीतूनच.

४. नव्या इमारतीचे तिसऱ्या मजल्याचे खांब उभे राहिले, परांची बांधली गेली, आणि दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या. तेव्हा तेथे विटा वाहणारी एक कामगार बाई आपणहून मधोमध उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्या खिडकीकडे पाहून घेई आणि वळून पलीकडे तसेच्या तसे हात करी. आपण काय सांगतो आहोत हे तिला कळत नव्हते, पण एक बोट चुकत नसे. असे नऊ दिवस चालले. मग भिंती भरल्या आणि तिला वरच्या मजल्यावर काम मिळाले. पत्नीने तिच्यासाठी एक खूण केली आहे : डोक्यावर टेकवलेला उपडा तळहात.

५. साइटवरील इंजिनिअर म्हणाले, "आजोबा, व्हिडिओ कॉल करा की." केला. मेहुणीला जवळचे धूसर दिसते. शिवाय खांद्यापासून बोलणारी माणसे तळहाताएवढ्या काचेत मावत नाहीत; हात सारखे बाहेर जातात. तिसऱ्या दिवशी मेहुणीने फोन पालथा घातला.

६. माझा पहिला अर्ज आपल्याकडे 'आवाज व धूळ' या सदरात नोंदला गेला. उत्तरात म्हटले आहे की, अर्जदाराच्या घरातील बाधित व्यक्ती मूकबधिर असल्याने त्यांना आवाजाचा त्रास संभवत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी समक्ष आलो. टेबलावरच्या बाईंनी सर्व ऐकून घेतले. त्यांचे डोळे भरून आले, हे मुद्दाम लिहितो. मग त्या म्हणाल्या, "काका, माणूस दिसत नाही अशी तक्रार फॉर्ममध्ये नाहीच हो. 'इतर'मध्ये टाकते, पण ते कोणी उघडत नाही."

७. मी मंजूर नकाशा पाहिला. दोन्ही घरांना जोडणारी सरळ रेषा नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या मोकळ्या जागेतून जाते. तेथील दोन्ही भिंतींवर भार नाही. तीन फुटांची एकेक खिडकी ठेवली तर खांबाला वा स्लॅबला काहीही होत नाही. रेखाचित्र सोबत आहे. इंजिनिअर म्हणाले, "होण्यासारखं आहे, पण वरून कागद आणा." तो कागद म्हणजे आपली सही. ती येण्याआधी, मागच्या आठवड्यात, त्याच जागी विजेच्या मीटरची कपाटे बसली.

८. डिसेंबरात भाच्याने तीन मित्र जमवून पत्नीला खुर्चीसह तिकडे वर नेले. दोघी बहिणी चार तास बोलल्या. उतरताना जिन्यात एकाचा पाय मुरगळला, आणि पुन्हा न्या असे सांगायला मला तोंड राहिले नाही. त्यानंतर मेहुणीने हात पांघरुणाबाहेर काढलेले नाहीत. पाणी हवे का, याचे उत्तर ती मानेने देते. डॉक्टर म्हणतात, हातांना काहीही झालेले नाही.

९. आपल्या दुसऱ्या उत्तरात 'अर्ज विचाराधीन आहे' असे आहे. पत्नी मला रोज विचारते, साहेब काय म्हणाले. 'विचाराधीन'साठी आमच्या घरात खूण नाही. मी 'थांब' अशी खूण करतो. ती मान डोलावते, वेणी घालून खिडकीत बसते आणि समोरच्या भिंतीकडे पाहत थांबते. याला पाच महिने झाले. इमारत अकराव्या मजल्यावर गेली आहे.

खिडक्या मिळतील अशी आशा मला आता उरलेली नाही, हे प्रांजळपणे कळवतो. तरी विषयात लिहिलेली विनंती मान्य होणार नसल्यास माझी एवढीच विनंती समजावी की, उत्तरात स्पष्ट 'नाही' असे लिहावे. ती खूण मला येते.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार
(सही)
निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, तिसरा मजला, लाँड्रीसमोरील जुनी इमारत
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत : रेखाचित्र, एक पान.