सुपातून निवडलेले दाणे

आये, तू बरी आहेस ना? बाबांचा दमा आता तरी हटला का? आजीला तिकडे डोळ्यांनी दिसतं का? आणि धाकटीचा ताप उतरला असेलच. एकेक करून तुम्ही सगळी तिकडे गेलात, म्हणून तिकडचीच खुशाली विचारते. इकडे मी एकटी, बरी आहे. मुलगा मुंबईला. रविवारी त्याचा फोन येतो, "जेवलंस गो?" मी "होय" म्हणते. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. तू होतीस तेव्हा मला तरी कुठे येत होतं? लग्नानंतर मुलाच्या पाटीवर, तो निजला की, मी अक्षरं गिरवली. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही. आता पुष्कळ वाचते, पण वाचून दाखवायला माणूस नाही.

सांगायचं ते असं. आपला भाताचा मळा पडीक आहे, म्हणून पेजेला रेशनचा तांदूळ. मध्यंतरी त्यात काही दाणे निराळेच दिसू लागले, जरा जास्तच पांढरे, धुताना वर तरंगणारे. वाडीत बोलणं झालं, प्लास्टिक आहे. मग काय, मी सूप घेऊन बसले. तूच शिकवलंस ना, "जो दाणो वेगळो दिसात तो काढ. दाताखाली इलो काय घोव ताट फेकीत!" घोव गेला, ताट फेकणारं कुणी उरलं नाही, तरी कित्येक महिने निवडत राहिले. बरणी भरली तशी ती घेऊन तणतणत अंगणवाडीत गेले.

तिथली सेविका मला मुलीसारखी. म्हणाली, "काकी, ह्यां काय हाडलंस?"

"प्लास्टिक! ओरोसच्या जिल्ह्याच्या सायबाक दाखव."

तिने बरणी उजेडात धरली आणि हसत सुटली. "अगो काकी, ह्यो तांदूळच! पीठ करून, लोह मिसळून परत दाणे केलेत. दिल्लीच्या सरकारान मुद्दाम घातलेले, बायकांच्या आंगात रगात नाय म्हणून. तू औषध बरणीत भरलंस आणि पथ्य तेवढां खाल्लंस!"

मीही हसले. मग भिंतीवरचा तक्ता वाचला. फिकट ओठ, धाप, चक्कर. खाली लिहिलं होतं, घरातल्या बाईने शेवटी जेवू नये, सगळ्यांबरोबर जेवावं. आये, मी तिथेच बाकावर बसले. तुझ्याकडे बघूनच कुणी तो तक्ता काढला की काय!

मला आपली चूल दिसते. सकाळचे दहा वाजलेत. तू करवंटीच्या डवलीने मडकं तळापासून ढवळतेस, शितं बाबांना, मग आजीला आणि मला. उरलेली निवळ, म्हणजे नुसतं वरचं पाणी, तुझ्या वाटग्यात. "आये, तुका शितां?" "माका निवळच बरी लागता गो. पोट थंड रवता." विहिरीवरून येताना तू कळशी उतरवून पायरीवर बसतेस, ओठ पांढरे फटक. धाकटी जन्मली आणि तू उठलीच नाहीस. वैद्य म्हणाले, अंगात रक्तच नव्हतं.

बरणीतले दाणे टाकवेनात. काल त्यातले मूठभर परत तांदळात मिसळून पेज केली. एका माणसाची पेज ती, मडक्याच्या तळाशीच राहते. सवयीने आधी निवळ ओतून घेतली, मग तक्ता आठवला, शितं घेतली. सगळ्यांबरोबर जेवावं म्हणतात. सगळी कुठून आणू?

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. तुला निवळ आवडत नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. आम्ही उठल्यावर तू मडक्याचा तळ बोटाने पुसून चाटताना मी दाराआडून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आणखी वाढू?" आणि मी वाटगा पुढे केला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही. बरणीखाली ठेवते. तिकडे कुणी लिहिणारं भेटलं तर लवकर उत्तर धाड. फार नको. आज काय जेवलीस, एवढंच.